घडीवर चिरलेला शालू

थोरल्या काकीसाहेबांनी शालू उलगडला आणि तो मधोमध, घडीवरच, चिरत गेला. आवाजसुद्धा धड झाला नाही.

राजनंदिनी समोर उभी होती. मुंडावळ्या बांधून झाल्या होत्या, गोरज मुहूर्त जवळ आला होता. या घराण्यात येणारी सून आणि इथून जाणारी लेक, दोघीही बोहल्यावर याच शालूत उभ्या राहत. सरदारकी आता फक्त लग्नपत्रिकेत उरली होती, पण शालू मात्र खरा होता. आज सकाळीच तो शनिवार पेठेतून ट्रंकेसकट लोणी काळभोरच्या लॉन्सवर आणला होता.

नवरीची आई, मुक्ताबाई, खोलीच्या कोपऱ्यात भिंतीला टेकून उभ्या होत्या. हे असंच होणार, हे त्या एकट्याच जाणून होत्या. पती जयसिंगराव होते तोवर दर दसऱ्याला त्या शालू बाहेर काढत, वारा देत आणि नव्या जागी घडी घालून ठेवत. जुनं रेशीम एकाच घडीवर वर्षानुवर्षं राहिलं की तिथंच तुटतं. जयसिंगराव गेले आणि तेराव्यानंतर ट्रंक काकीसाहेबांच्या खोलीत गेली. सौभाग्याच्या वस्त्राला आता यांचा हात नको, असं कुणी तोंडानं म्हटलं नाही. म्हणावं लागलंही नाही. पुढं एकदा मुक्ताबाईंनी उंबऱ्याबाहेरूनच घडी बदलायची आठवण केली होती. आम्हालाही कळतं, असं उत्तर मिळालं. कळणाऱ्यांनी ट्रंकेला रोज हळदकुंकू वाहिलं, उघडली मात्र कधीच नाही.

"आईसाहेब, तुम्ही नेसवा," राजनंदिनी म्हणाली. "चिरलेलं निऱ्यांत दडवता येईल तुम्हाला."

आईनंच नेसवावं, हे ती महिनाभर मागत होती. आजवर काकीसाहेब ते हसण्यावारी नेत होत्या. आता त्या मटकन खुर्चीत बसल्या आणि खाली बघत म्हणाल्या, "या मुक्ताबाई. दुसऱ्या कुणाला हे जमायचं नाही."

मुक्ताबाई पुढं आल्या. हात शालूपर्यंत गेला आणि तिथूनच मागं फिरला.

"इतकी वर्षं हात लावला नाही, तरी चिरला," त्या म्हणाल्या. "आज लावला, तर उद्या हिच्या सासरी कप फुटला तरी माझ्याच हातांचं नाव निघेल."

तसं नाही हो, असं काकीसाहेबांनी म्हणायला हवं होतं. त्यांनी शालू हातात घेतला.

शेवटी काकीसाहेबांनीच शालू नेसवला. मुक्ताबाई लांबून सांगत होत्या, निरी अजून आत घ्या, पदर सैल सोडा, पिन चिरेपासून दूर लावा. सांगतानाही हात पाठीमागं धरलेले होते. तरी कमरेपाशी बोटभर चीर दिसत राहिली, ती शेल्याखाली झाकली. बाहेरून गुरुजींचा निरोप आला. वरपक्षाला थोपवायला काकीसाहेब बाहेर गेल्या.

आता खोलीत दोघीच होत्या. राजनंदिनीला रडू आवरेना. तिनं लहानपणी करायची तसे दोन्ही हात आईकडं पसरले.

मुक्ताबाई आधी दाराकडं गेल्या. आतून कडी लावली, ती नीट बसली का ते ओढून पाहिलं आणि मगच त्यांनी लेकीला पोटाशी धरलं.