गरम की थंड?

कागदपत्रं गरम मशीनमधून काढा, फोटो थंड मशीनमधून. टोंगाच्या राजधानीत, नुकुआलोफाच्या बाजारात लॅमिनेशन करणाऱ्या फिनाऊला दिवसभर गिऱ्हाइकांना हेच सांगून वीट आला होता. ऐकतंय कोण?

तो दुकान बंद करत असताना गरोदर लोसालीन आली. हातात सोनोग्राफीचा फोटो.

"नणंदबाईंनी लॅमिनेट करून मागवलाय," ती दमलेल्या आवाजात म्हणाली. "याही वेळी मुलगी असली तर त्यांनाच हवी. आधीच्या दोन्ही नेल्याच."

फिनाऊने थंड मशीन पुढे ओढलं. नवऱ्याच्या थोरल्या बहिणीने मूल मागितलं की टोंगात नाही म्हणायची रीत नाही, हे त्याला कुणी सांगायला नको होतं.

"हा थंडच करू, पोरी," तो म्हणाला. "हा कागद गरममध्ये घातला की काळाठिक्कर पडतो. मग मुलगा की मुलगी, डॉक्टरलासुद्धा कळायचं नाही."

"नक्की?"

"अगं, रोज कुणीतरी रडत जातं इथून."

लोसालीन फोटोतल्या त्या इवल्याशा आकृतीकडे बराच वेळ बघत राहिली.

 

"मग गरमच करा, दादा. आणि नणंदबाई भांडायला आल्या, तर चूक तुमची."