उसना हत्ती

ताई येणार म्हटल्यावर तिनं वरच्या मजल्यावरून कापडी हत्ती उसना आणला आणि बाळाशेजारी ठेवला. ताई म्हणजे बाळाची चौकशी करायला सरकारी केंद्रातून दर महिन्याला घरी येणारी बाई. तोंडात साखर, पण हातात वही. अशा वहीतल्या नोंदीपायी लेकरं उचलून नेतात, असं तिनं ऐकलं होतं. म्हणून ती मोजकंच बोले आणि पेनावर डोळा ठेवी. ताईनं हत्ती उचलला, फाटका कान चाचपला. "हा मागच्या आठवड्यात वरच्या घरी होता ना?" आईनं बाळाला छातीशी धरलं. "उसना आणलाय. बाळाला साधं खेळणं नाही, असंच लिहिणार ना? लिहा!" ताईनं लिहिलं आणि वही तिच्यासमोर धरली. छापलेला प्रश्न होता: 'अडीनडीला हाक मारावी असं कोणी आहे का?' दरवेळी तिथं 'नाही' असायचं. आज लिहिलं होतं, 'आहे. वरच्या मजल्यावर.'