रंग मात्र सुरेख

थोरलीने स्वतः घडवलेल्या कपातला चहा कुणी न पिताच अर्धं बोट खाली गेला होता. बशी भरत आली होती.

"वहिनी, बाजारात असा कप शोधून सापडायचा नाही!" धाकटा दीर म्हणाला.

"उद्याच राजीनामा दे आणि कपांचं दुकान काढ," नवऱ्याने री ओढली.

धाकट्या बहिणीच्या जिवावर आलं होतं, पण ताईची नोकरी जाणार होती. ती हळूच म्हणाली, "ताई, रंग सुरेख आलाय गं. फक्त चहा कपात राहायला तयार नाही."

दोघांनी तिच्यावर डोळे वटारले.

थोरलीने बशीतला चहा शांतपणे पिऊन टाकला.

"सुटले बाई! गळतो हे मला पहिल्या कपापासून माहीत आहे. पण ह्यांच्या कौतुकापुढे नाही म्हणायची सोयच उरली नव्हती. राजीनामा देत नाही मी."