काळ्या पडद्यातले भावजी

वहिनींचा प्रबंध बाराच्या आत पाठवायचा होता आणि संगणकाने सकाळपासून पाचदा मान टाकली होती. दिराने चष्मा कपाळावर ढकलला.

"सापडला चोर! स्क्रीन चालवणारा प्रोग्रॅम, तो ड्रायव्हर, बिघडलाय."

त्याने तो काढून जुना चढवला. प्रबंध सुखरूप गेला.

"भावजी, देवमाणूस आहात!" म्हणत वहिनींनी संगणक बंद केला.

दीर टाळ्या पिटत खोलीभर नाचला. मग त्याचं लक्ष काळ्या पडद्याकडे गेलं. त्यातला तो अजून खुर्चीतच होता, चष्मा कपाळावर, गोठलेला.

"अगंबाई, तुम्हीच हँग झालात!" वहिनी हसल्या. त्यांचं बोट बटणाकडे गेलं. "थांबा, तुम्हालाही बंद करून चालू करते."

"वहिनी, नको!" दीर ओरडला.

पण वहिनी पडद्याकडे बघत होत्या, आणि तिथला तो आता खुशीत मान डोलावत होता.