मिराबाच्या हौदातली तुती

तुर्दाली मिराबानं, म्हणजे गावाच्या पाण्याच्या पाळ्या लावणाऱ्यानं, विधवा शेजारणीचं पाणी चोरलं. छे, असं काही घडलंच नाही. पाटाची फळी आपणहून त्याच्या बागेकडे वळली.

दुपारी त्याच्या हौदाच्या पाण्यात काठावरच्या जर्दाळूंच्या झाडांऐवजी तिच्या वाळक्या तुतीचं प्रतिबिंब दिसू लागलं.

"डोळे तपासून घ्या," म्हणत बायकोनं चहा ओतला. पेल्यातही तुतीच.

तेवढ्यात शेजारीण उलुगोय दारात आली. "तुर्दालीअका, दादा, माझं पाणी कधी यायचं हो? पाल्यावाचून रेशमाचे किडे मरतायत माझे."

शरमेनं त्यानं पेला घटाघटा रिकामा केला.

त्याच्या पोटात काहीतरी दारापर्यंत ऐकू जाईल अशी पानं कुरतडू लागलं.

"अगबाई, तुम्हीपण किडे पाळलेत?" उलुगोयनं विचारलं.

मान वर न करता त्यानं पाणीखात्याला अर्ज लिहिला: 'सदर पाणी माझ्या बागेतून, हौदातून व पोटातून ताबडतोब परत न्यावे, ही विनंती.'