म्हशींचं देऊळ

साहेब यायच्या आत सगळे देव लिंपून झाले पाहिजेत, असा इंद्रायणीचा हुकूम होता. तिचा नवरा मच्छिंद्र शेणमातीची पाटी घेऊन पळत होता. अप्सरा झाल्या होत्या, हत्तींची रांग झाली होती, बासरीवाला कुणीतरी अर्धा राहिला होता. खांबांना बांधलेल्या म्हशी रवंथ करत हा सोहळा बघत होत्या. ज्या नक्षीवर त्या जन्मापासून मान घासत आल्या, ती नवराबायको का बुजवतायत, हे त्यांना कळत नव्हतं. मच्छिंद्रालाही पुरतं पटलं नव्हतं, पण त्याला विचारलंय कुणी?

वडीगोद्रीच्या अलीकडे, हमरस्ता सोडून जरा आत, त्याच्या शेतात हे काळ्या दगडाचं देऊळ उभं होतं. चुना नाही, माती नाही, नुसता दगडात दगड अडकवलेला. यादवांच्या काळातलं, असं शाळेतले गुरुजी सांगायचे. आतला देव केव्हाच कुठेतरी निघून गेला होता आणि तो कोणता होता, हेही कुणाला ठाऊक नव्हतं. रिकामी जागा बघून मच्छिंद्राच्या आजाने गाभाऱ्यात कडबा भरला, मंडपात गव्हाण घातली आणि म्हशी आणून बांधल्या. जागा अशी थंडगार, की मे महिन्यात पत्र्याखालची जनावरं जीभ काढून उभी असताना इथल्या म्हशी खुशाल डुलक्या घ्यायच्या. इतरांच्या म्हशी उन्हाळ्यात आटायच्या, इंद्रायणीच्या नाही. हमरस्त्यावरच्या हॉटेलांचा चहा तिच्या दुधावर चालायचा, आणि तिचं घर त्या चहावर.

आता कुणा हौशी माणसाने वर कळवलं होतं आणि जुन्या वास्तू बघणारा साहेब पाहणीला येणार होता. शेजारच्या आबारावच्या बारवेचं काय झालं, ते सगळ्यांनी पाहिलं होतं. बारव जुनी निघाली, तारेचं कुंपण पडलं, निळी पाटी लागली. हल्ली आबाराव स्वतःचं पाणी तारेतून बघतो आणि पाहुण्यांना अभिमानाने दाखवतो. इंद्रायणीला असला अभिमान परवडणारा नव्हता. तिने नवऱ्याला बजावलं होतं, लिंपण दाट घालायचं आणि तोंड बंद ठेवायचं.

लिंपण जमलं. तोंडाचं अवघड होतं. मच्छिंद्राला खोटं बोलता येत नसे. लग्नाच्या बोलणीत त्याने न विचारता आपल्या घोरण्याची माहिती दिली होती. सकाळपासून तो दारात जाई, रस्ता बघे, परत येऊन भिंतीवर बोट फिरवी, पुन्हा दारात जाई. ऊन चढलं तसं लिंपण वाळून तडकायला लागलं.

जीप आली. साहेब तरुण होता आणि घाईत होता. त्याला अजून जांब समर्थकडे जायचं होतं. नाकाला रुमाल लावून तो आत शिरला, तेवढ्यात एका खांबावरची खपली गळली आणि पैंजण घातलेला दगडी पाय बाहेर आला. मच्छिंद्र त्या पायाला पाठ लावून उभा राहिला. साहेबाने बॅटरी वर मारली. छत धुराने आणि कोळिष्टकांनी कधीचंच काळं पडलं होतं. बॅटरी खाली आली. लोक उगाच फोन करतात, असं तो म्हणाला. कुणा गवंड्याने कामापुरते दगड रचलेत, कलाकुसर नावालाही नाही. शब्द मच्छिंद्राच्या घशाशी आले. पाठीमागची बाई पायाने ढोसतेय, असंही त्याला वाटलं. त्याने बायकोकडे पाहिलं. तिने नुसते डोळे वटारले. त्याने आलेले शब्द गिळले.

साहेबाने मोबाईलवर काहीतरी दाबलं, साधा गोठा आहे म्हणाला आणि निघाला. मच्छिंद्राचा जीव भांड्यात पडला. दारात आल्यावर साहेबाला दिसलं, बुटाची नाडी सुटलीय. चौकटीच्या पायथ्याशी, गुडघ्याइतक्या उंचीवर, लिंपलेला एक फुगवटा होता. ती चौकट सकाळी इंद्रायणीने एकटीने लिंपली होती, नवऱ्याला हात लावू दिला नव्हता. साहेबाने फुगवट्यावर बूट टेकवला आणि वाकला.

"पाय खाली घ्या, साहेब," इंद्रायणी म्हणाली.

आवाज मोठा नव्हता, तरी पाय खाली आला. मच्छिंद्र लांबून खुणा करत होता, खाकरत होता. तिने तिकडे बघितलंच नाही. म्हशींच्या बादलीतलं पाणी घेऊन ती खाली बसली आणि ओंजळीने फुगवटा भिजवू लागली. शेण उतरलं. आधी अंबाडा आला, मग नाक, मग अर्धवट मिटलेले डोळे. कपाळाशी तिचा हात हलका झाला. तिथे कुंकू होतं, आजचंच, लिंपायच्या आधी लावलेलं.

साहेब तशाच सुटल्या नाडीने उभा होता. ही कोण, एवढंच त्याने विचारलं.

"सासू हाय माझी," ती म्हणाली. "मी लगीन होऊन आल्ते तवा घरात दुसरी बाई न्हवती. पयलं कुंकू हिला लावलं. भांडले बी हिच्यासंगंच."

मच्छिंद्राची आई तो रांगत असतानाच गेली होती. लग्न झाल्यापासून गोठ्यातून बायकोची बडबड ऐकू यायची. ती म्हशींना बोलते, असं तो समजत आला होता.

साहेब बाहेर गेला. बूट काढले आणि पुन्हा आत आला.

इंद्रायणी उठली, पदर खोचला. मच्छिंद्र अजून तिच्या सासूकडे बघत उभा होता.

"बघून काय राह्यले?" ती म्हणाली. "सोडा म्हशी."