मन्सूरच्या गल्ल्यातले सुट्टे

मन्सूरनं पन्नासची नोट गल्ल्यात टाकली आणि रुपयाची तीन नाणी लटारूच्या हातावर ठेवली.

लटारूनं मूठ मिटली नाही.

"आजबी सुट्टेच?"

"सुट्टे, भाऊ. सत्तेचाळीस झाले नं."

"आता कुठून आले सुट्टे?"

मन्सूर तेलाच्या पिपाकडे वळला. "आले कुठून तरी."

आठ वर्षं हा माणूस लटारूला एकच सांगत आला होता. आठाणे तर कोणी हातात घेत नाही, आता रुपया-दोन रुपयेही बाजारात दिसत नाहीत. सत्तेचाळीसचे पन्नास व्हायचे आणि उरलेल्या तिनाची तीन चॉकलेटं मिळायची. लटारूला गोड आवडत नसे. घरी येऊन तो ती बायकोच्या, धुरपताच्या हातावर टाकायचा आणि मन्सूरला शिव्या द्यायचा.

ती हसायची. "जाऊ द्या ना जी," म्हणायची.

धुरपताला जाऊन दीड महिना झाला होता. तेव्हापासून एकदाही चॉकलेट मिळालं नव्हतं. दर वेळी मोजून सुट्टे.

पोंभुर्ण्याच्या रस्त्यावर त्याला शेजारची गिरजाबाई भेटली. तिचाही किराणा मन्सूरकडूनच यायचा.

"बाई, मन्सूर तुमाले सुट्टे देते का चॉकलेट?"

"सुट्टे. चॉकलेट घेऊन का करू? माह्ये दात कुठी हायेत?"

"पयलेपासून?"

"पयलेपासून. काऊन? तुमाले नाई देत?"

म्हणजे गल्ल्यात नाणी होती. सगळ्या गावाला मिळत होती. एकट्या त्यालाच नाही.

आणि धुरपता हसायची ती कशाला? तिला ठाऊक होतं? मन्सूरचं आणि तिचं काही ठरलेलं होतं? बायको गेली, आता तिच्यावर संशय घ्यायचा, हे त्याचं त्यालाच बरं वाटेना. पण त्या दिवशी त्याला जेवण गेलं नाही.

सकाळी तो दुकानात गेला. चार गिऱ्हाइकं उभी होती. त्यानं पर्वा केली नाही.

"मन्सूर, गल्ला उघड."

"काऊन, भाऊ?"

"आठ वर्षं सुट्टे होते तुह्याजवळ. होते का नाई?"

गिऱ्हाइकं वळून बघू लागली. मन्सूरनं मान खाली घातली.

"होते."

"मंग मलेच काऊन चॉकलेट? धुरपताले मालूम होतं?"

"होतं."

लटारूनं काउंटरची कड घट्ट धरली. "तिचं-तुह्यं का ठरलं होतं? सांग सगळ्यायसमोर."

मन्सूरनं गल्ला बंद केला. "तुमाले सांगू नोको म्हनून बाईनं कसम घातली होती, भाऊ. म्हने, लगन झाल्यापासून यायनं मले बाजारातून आपल्या हातानं काईच आनून देल्लं नाई. यायले सुट्टे देऊ नोको, मन्सूरभाऊ."